परदेशी दूतावासात बदली झाली आहे. भाड्याचं घर निवडताना आधी काय पाहावं?

घराआधी भाडेकरार पाहा: मध्येच बदलीचा हुकूम आला तर नोटीस देऊन घर सोडता येईल आणि अनामत परत मिळेल, असं कलम त्यात हवंच. सिंगापूरमध्ये त्याला सरळ ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ म्हणतात. बहुधा ते पहिले १२ महिने संपल्यावरच लागू होतं, तेव्हा तारीख नीट वाचा. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराच्या कलम ३० प्रमाणे राजनैतिक अधिकाऱ्याच्या खासगी घरालाही दूतावासाच्या जागेइतकंच संरक्षण असतं. म्हणून काही घरमालक बिचकतात (भाडं थकलं तर कोर्टात कुणाला खेचणार?). शाळा, सुरक्षा, दूतावासाचं अंतर हे त्यानंतर. मात्र दूतावासाचं स्वतःचं घर रिकामं असेल, तर निवडीला फारसा वाव नसतो.