प्रश्न तुमचे : थर फाटतो, पण रेषेत का येत नाही?

प्रश्न : कोऱ्या सीडी-आरच्या खाचांचा ठसा पीडीएमएसवर (मऊ, पारदर्शक सिलिकॉन रबर) घेऊन त्यावर पॉलिस्टायरीनचा (थर्मोकोलचं प्लास्टिक) पातळ थर बसवते आहे. पॉलिमर २,८०,००० रेणुभाराचं, टोल्युइनमध्ये १.५ टक्के, काचेवर गरगर फिरवून पसरवलेलं (स्पिन), २००० आरपीएमला. काचेवरचा थर पाण्यावर सोडवून ठशावर उचलते. सिलिकॉन वेफरच्या तुकड्यावर तशाच पसरवलेल्या थराची जाडी ९० नॅनोमीटर भरली; एएफएमवर (सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) ठशाच्या खाचांची खोली १२० आहे. १३० अंशांवर तीन तास तापवलं, तर वेडीवाकडी भोकं पडतात आणि खाचांशी त्यांचा काही संबंध दिसत नाही. मला थर खाचांच्या रेषेत तुटून झालेल्या थेंबांच्या रांगा हव्या आहेत. काय बदलू?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : थर पाण्यावरून उचलता ते बरोबर करता. टोल्युइन थेट सीडीवर टाकलं तर पॉलिकार्बोनेट पांढरं पडून तडकतं, आणि पीडीएमएसवर टाकलं तर तो फुगतो. गडबड आधी जाडीची आहे.

साधा हिशोब करा. सीडी-आरच्या दोन खाचांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. खाच त्याच्या निम्मी रुंद धरली, तर १२० खोलीच्या खाचेत मावतो फक्त ६० नॅनोमीटर जाडीच्या थराचा माल. तुमचा थर ९० चा. तो खाचा भरून वर सपाट उरतो. अशा थराला खाली खाचा आहेत याची फारशी दखलच नसते. धूळ किंवा दोष सापडेल तिथे तो फाटतो. थर पातळ असला की उंचवट्यांच्या माथ्यावरचं द्रव वक्रतेच्या दाबाने खाचेकडे सरकतं, माथ्यावर थर आणखी झिजतो आणि तिथेच आधी तुटतो. मग प्रत्येक खाचेत एकेक दोरा उरतो.

म्हणून ०.५ टक्के द्रावण घ्या. २००० ते २५०० आरपीएमला जाडी २५ च्या आसपास येईल. १० च्या जवळ जाऊ नका, उचलतानाच चिंध्या होतात.

दुसरी गोष्ट रेणुभार. वितळलेल्या पॉलिस्टायरीनची व्हिस्कॉसिटी (वाहायला होणारा विरोध) रेणुभाराच्या साधारण ३.४ व्या घाताने चढते. २,८०,००० ऐवजी १,००,००० चं घेतलंत तर ती तीसपटीहून जास्त उतरते आणि अर्धवट फाटून अडकलेली जाळी पुढे सरकते. मोहाने ३०,००० च्या खाली उतरू नका : तो थर ठिसूळ असतो, पाण्यावर सोडवतानाच तडे जातात. तापमान १५० करा, पण व्हॅक्यूम ओव्हनमध्ये. उघड्या हवेत पॉलिमर हळूहळू ऑक्सिडाइझ होतं.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण आम्हाला संशय तिचाच आहे : पाणी. पीडीएमएस पाण्याला दूर ठेवतो, पण उचललेल्या थराखाली पाण्याचे कप्पे अडकतात. थेट १३० वर नेलं की वाफ थर फोडून बाहेर पडते. थर तिरका ठेवून निथळू द्या, मग ५० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर ठेवा आणि त्यानंतरच १०० ओलांडा.

तापवण्याआधी मायक्रोस्कोपखाली एकदा पाहाच. भोकं तेव्हाच दिसत असतील तर ओव्हनला दोष देऊ नका. पावसाळ्यातल्या बडोद्याच्या हवेत टोल्युइन उडताना थर गार पडतो, त्यावर दव धरतं आणि प्रत्येक दवबिंदू खड्डा ठेवून जातो. एसी किंवा कोरड्या नायट्रोजनखाली स्पिन करा. द्रावण ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा.

ठसा नीट उतरला का, हे लेझर पॉइंटरने कळतं. ६५० नॅनोमीटरचा लाल किरण ठशातून सरळ पाठवा. एक मीटरवरच्या भिंतीवर बाजूचा ठिपका मधल्यापासून सुमारे ४४ सेंटीमीटरवर पडायला हवा. ठिपका फिस्कटलेला असेल तर तो ठसा टाकून द्या. शेजारी सपाट पीडीएमएसवरही तोच थर तापवा, म्हणजे खाचांमुळे नेमकं काय बदललं ते दिसेल.

शेवटी थेंब. नमुना दर दहा मिनिटांनी काढून बघा, कारण दोरे बनतात आणि मग तेच तुटतात. २५ च्या थराचा एका खाचेतला दोरा गोल धरला तर त्याची त्रिज्या ११० नॅनोमीटरच्या आसपास येते. भौतिकशास्त्रज्ञ रेले यांच्या हिशोबाने द्रवाचा मोकळा दोरा त्रिज्येच्या साधारण नऊपट अंतरावर तुटतो, म्हणजे इथे एक मायक्रॉनभर. खाचेच्या भिंती धरून ठेवतात, त्यामुळे तुमचं अंतर थोडं वेगळं येईल. इतके लहान थेंब साध्या मायक्रोस्कोपखाली अखंड रेषेसारखे दिसू शकतात. एएफएमवर पाहिल्याशिवाय ‘तुटलाच नाही’ असं वहीत लिहू नका. वाचनाला आयआयटी कानपूरच्या आशुतोष शर्मा यांच्या गटाचे लेख घ्या.

प्रश्न : कपाटाला ऑइलपेंट मारला की जागोजागी गोल खळगे पडतात. हा प्रकार तोच का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर : चुलतभाऊ म्हणा. शंभर नॅनोमीटरच्या आतला थर रेणूंच्या ओढीनेही स्वतःहून फाटू शकतो. रंगाचा थर दहापट नव्हे, शेकडो पट जाड. त्याला निमित्त लागतं, आणि ते बहुतेक वेळा तेल, मेण किंवा सिलिकॉन पॉलिशचा डाग असतो. खळग्यांवर दुसरा हात मारून उपयोग नाही. वाळलेला रंग घासून काढा, थिनरच्या फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोऱ्या फडक्याने कोरडं करा. एकच फडकं फिरवलं तर डाग सगळ्या कपाटभर पसरतो.