विचारा, सांगते : लहान मुलं, विमान आणि बॅगा

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. सगळ्यांना एकच काळजी, बॅगेची. चेक-इन काउंटरच्या मागे माझी बरीच वर्षं गेली. वजनकाट्याशेजारी जमिनीवर बॅगा उघडून बसलेले आईबाप मी तिथून रोज पाहिले. उत्तरं त्या अनुभवातून देतेय.

प्रश्न : दीड वर्षाची मुलगी आणि साडेचार वर्षांचा मुलगा यांना घेऊन आम्ही पहिल्यांदाच सात तासांच्या विमानप्रवासाला निघालोय. यादी करून करून दमले. दोन पानं झाली, तरी रोज काहीतरी आठवतंच. नक्की काय घ्यायचं आणि कुठे भरायचं?

उत्तर : यादी तशीच राहू द्या. फक्त प्रत्येक वस्तूपुढे ती कधी लागणार ते लिहा : उडताना, मधे, उतरताना, की मुक्कामी पोहोचल्यावर. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. कारण आपण बॅग भरतो ती जातीनुसार. सगळे कपडे इथे, सगळा खाऊ तिथे, सगळी खेळणी तिसरीकडे. पोरांना मात्र एकाच वेळी एक डायपर, एक बिस्किट आणि एक फ्रॉक लागतो, आणि तुम्ही तीन बॅगा उपसता.

विमान उडताना आणि उतरताना सीटबेल्टचा दिवा लागलेला असतो. उठायचं नाही, वरचा कप्पा उघडायचा नाही. मुलं रडतात ती बहुतेक वेळा नेमकी तेव्हाच. त्या वेळी जे हवं ते वर असेल, तर ते घरी राहिलं असंच धरा. म्हणून पुढच्या सीटखाली सरकेल अशी एक छोटी पिशवी खरी महत्त्वाची, बाकी केबिन बॅग हा तिचा साठा. आता यात एक मेख आहे. तान्ह्या बाळासाठी पाळणा लावतात ती रांग भिंतीसमोर असते. पुढे सीटच नाही, म्हणजे सीटखालची जागाही नाही, आणि उडताना-उतरताना सगळं सामान वर ठेवावं लागतं. ती रांग मिळाली असेल तर अगदी लागणाऱ्या दोन-तीन वस्तू जॅकेटच्या खिशात घाला.

छोट्या पिशवीत काय? डायपरचे संच. एक डायपर, मोजके ओले वाइप्स, घाण झालेलं टाकायला एक बंद होणारी पिशवी आणि बाळाचा एक कपडा, हे सगळं एकत्र गुंडाळून एका झिपच्या पिशवीत. असे तीन-चार संच. विमानातल्या टॉयलेटमधली डायपर बदलायची फळी बहुधा कमोडच्या वर उघडते, आणि तिथे तुम्ही, बाळ आणि फळी एवढीच जागा असते. मोठी बॅग घेऊन आत गेलात तर ती ठेवणार कुठे? एक संच उचलायचा आणि जायचं. डायपर किती घ्यायचे हा हिशोब दर दोन तासांना एक असा धरा, वर विमान रखडलं तर म्हणून चार जादा. जादाचे वरच्या बॅगेत चालतील.

बाळाचे जादा कपडे सगळेच घेतात. स्वतःसाठी एक टॉप कुणी घेत नाही. दीड वर्षाचं मूल मांडीवर असताना ओकतं ते स्वतःपेक्षा तुमच्यावर जास्त. टॉप घ्याच. मुलाच्या बाबांसाठीसुद्धा एक शर्ट.

आता कानांचं. उतरताना केबिनमधला दाब वाढत जातो, आणि लहान मुलांच्या कानाला घशाशी जोडणारी नळी अरुंद असल्याने दाब चटकन सारखा होत नाही, म्हणून ती कळवळतात. गिळण्याने ती नळी उघडते. दूध, पाणी, चोखणी काहीही चालेल, मोठ्याला चघळायला काही द्या. चूक होते ती वेळेची. बाटली उडतानाच संपवतात आणि उतरताना हातात काही उरत नाही. विमान खाली यायला लागतं ते जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी, तेव्हासाठी एक बाटली राखून ठेवा. बाळ गाढ झोपलं असेल तर उतरायला लागल्यावर जागं करून पाजावं की नाही, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

स्ट्रॉच्या घट्ट झाकणाच्या कपाबद्दल वेगळं सांगायला हवं. विमान उंचावर असताना केबिनमधला दाब साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. जमिनीवर बंद केलेल्या कपातली हवा तिथे जवळजवळ एक तृतीयांशाने फुगू पाहते. मुलाने स्ट्रॉ वर केली की पाण्याची पिचकारी थेट शेजाऱ्याच्या शर्टावर. विमान वर स्थिरावलं की झाकण एकदा तुम्हीच सैल करून बंद करा, मग कप मुलाच्या हातात द्या.

चेक-इन बॅगांबाबत एकच सांगते. प्रत्येकाची वेगळी बॅग करू नका. चौघांचे कपडे सगळ्या बॅगांत थोडे-थोडे वाटून भरा. एखादी बॅग मागे राहिली तर प्रत्येकाचं थोडं अडेल, एकाचंच सगळं अडणार नाही. आणि मागच्या प्रवासाचे टॅग, बारकोडचे छोटे स्टिकर सोलून काढा. बॅगा मशिन वाचतं, त्याला जुना आणि नवा यातला फरक कळेलच असं नाही.

प्रश्न : हातातल्या सामानात कुठलाही द्रव शंभर मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाही, हा नियम बाळाच्या दुधालाही लागू आहे का? आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे, पावडरचं दूध घेतं. शिवाय औषधं आहेत.

उत्तर : 2006च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघडकीस आला, त्यानंतर हा 100 मिलिलीटरचा नियम जगभर पसरला. बाळाचं दूध, बाळाचं खाणं आणि प्रवासात लागणारी औषधं यांना त्यातून साधारणपणे सवलत असते, प्रवासापुरती. मात्र ही सवलत मागून घ्यायची असते. तपासणीच्या पट्ट्यावर बॅग ठेवण्याआधी ते बाहेर काढा आणि 'हे बाळाचं आहे' असं स्वतःहून सांगा. बॅगेत गाडलेली बाटली एक्स-रेमध्ये दिसली की अख्खी बॅग रिकामी होते, मागे रांग खोळंबते, आणि मग बाळही रडायला लागतं.

तुम्हाला पावडरच घ्यायची आहे, हे सोपंच. एकेका वेळची पावडर मोजून छोट्या डब्यांत भरा, रिकाम्या बाटल्या वेगळ्या. उकळून कोमट केलेलं पाणी थर्मासमध्ये न्या आणि तेही दाखवा. विमानात गरम पाणी मागितलं तर देतात, पण गडबडीच्या वेळी वाट पाहावी लागते, आणि ते फार कढत असतं, थेट बाटलीत घेऊ नका.

वाटेत विमान बदलायचं असेल तर सावध राहा. कित्येक विमानतळांवर तिथे पुन्हा तपासणी होते, आणि पहिल्या तपासणीनंतर विकत घेतलेली पाण्याची बाटलीसुद्धा काढून घेतात. काही विमानतळांनी नवे स्कॅनर बसवून हा नियम सैल केलाय. म्हणून निघतानाच्या विमानतळावर चाललं ते मधल्या ठिकाणी चालेलच, असं धरू नका.

औषधं मूळ बाटलीत, लेबलसकट, चिठ्ठीबरोबर. आणि कधीही चेक-इन बॅगेत नाही. तापाचं औषध न्याल तेव्हा बाळाच्या आत्ताच्या वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. आठ महिन्यांच्या बाळाचं वजन दोन महिन्यांपूर्वीचं राहिलेलं नसतं.

प्रश्न : ओळखीतल्या एकीने सांगितलं, विमानात बसायच्या आधी सर्दीचं सिरप द्यायचं, मूल गाढ झोपतं. द्यावं का?

उत्तर : नाही. झोपवण्यासाठी औषध हे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करायचं कामच नाही. त्यातून काही मुलं त्या सिरपने झोपायच्या ऐवजी उलट चेकाळतात, आणि मग तुम्ही तीन तास सीटच्या मधल्या वाटेने फेऱ्या मारता.

प्रश्न : बाबागाडी शेवटपर्यंत नेता येते असं ऐकलंय. पॉवर बँक आणि टॅबलेटचं काय करायचं? नातवाला घेऊन मी एकटाच निघालोय.

उत्तर : आजोबा, बाबागाडी बहुतेक विमान कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात. तिला काउंटरवरच टॅग लावून घ्या, आणि ती उतरताना दारातच मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर, हेही तिथेच विचारा. कनेक्टिंग विमान धावत गाठायचं असेल आणि गाडी पट्ट्यावर गेली असेल, तर नातू तुमच्या कडेवर. तपासणीला गाडीही घडी घालून मशिनमधून जाते, म्हणून तिच्या खालच्या जाळीत काही कोंबू नका. एकट्याला एका हाताने गाडी मिटणं आणि दुसऱ्या हाताने नातू सांभाळणं जमत नाही. शक्य असेल तर मूल अंगाला बांधायची कॅरिअर पिशवी घ्या. मुलाचे आईवडील बरोबर नाहीत, तेव्हा त्यांचं संमतिपत्रही कागदपत्रांत ठेवा. विमान कंपनीला आणि जिथे जाताय तिथल्या वकिलातीला ते कसं हवं हे आधी विचारा.

पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये अजिबात नाही. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये विझवता येते, खाली सामानाच्या कोठीत कोण बघणार? मर्यादा साधारण 100 वॅट-अवरची, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं हे माप. 20,000 एमएएचची बँक साधारण 74 वॅट-अवरची असते, त्यामुळे ती बसते. 30,000ची बसत नाही, तिला आधी परवानगी लागते. बँकेवरचा आकडा पुसट झाला असेल तर ती घरी ठेवा, वाद घालायला नातवासोबत वेळ नसतो.

आणि कधीकधी वरचे कप्पे भरले की दारातच तुमची केबिन बॅग मागून घेतात आणि खाली पाठवतात. अशा वेळी पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं आणि नातवाचा आवडता खेळ आधी बाहेर काढा. ते सगळं एकाच पाऊचमध्ये, बॅगेच्या अगदी वर ठेवलं असेल, तर दारात उभ्या-उभ्या काढता येईल.