वाचकांचे प्रश्न : इंग्रजीच्या परीक्षावर्गात गुणफलक असावा का?

प्रश्न : धरमपेठेत माझा आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशातील शिक्षणासाठी वा नोकरीसाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, तयारीचा लहानसा क्लास आहे. एका बॅचमध्ये वीसेक विद्यार्थी असतात. त्यांत अभियांत्रिकीचे पदवीधर आहेत, परदेशी नोकरीसाठी प्रयत्न करणाऱ्या परिचारिका आहेत आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची आशा धरून खेड्यांतून नागपुरात येऊन राहिलेली मुलेही आहेत. पहिले काही दिवस सगळे उत्साहाने येतात. पुढे निबंध लिहून आणणे बंद होते. त्यावर उपाय म्हणून मी गुण, बॅज आणि भिंतीवरचा गुणफलक सुरू केला व दर शनिवारी मोबाइलवर कहूट या प्रश्नमंजूषेच्या खेळाची स्पर्धा घेऊ लागले. आरंभी वर्ग खचाखच भरत असे. आता मात्र तीच चार-पाच नावे वर राहतात आणि उरलेल्यांपैकी बरेच जण नेमके शनिवारी गैरहजर असतात. हे सारे बंद करून पूर्वीसारखे शिकवावे का?
— एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बंद करू नये, मात्र आपण गुण कशाचे मोजता, ते बदलावे. आपल्या विद्यार्थ्यांचा उत्साह का मावळतो, याचे कारण मला त्यांच्या आळसात नव्हे, तर या परीक्षेच्या मोजपट्टीत दिसते. आयईएलटीएसचा निकाल शून्य ते नऊ अशा बँडमध्ये आणि अर्ध्या-अर्ध्या बँडच्या टप्प्याने मिळतो. साडेपाचवर असलेला विद्यार्थी मनापासून कष्ट करत असला, तरी पुढच्या कित्येक मॉक टेस्टमध्ये साडेपाचच पाहतो, कारण त्याच्या लेखनात झालेली सुधारणा अजून अर्ध्या बँडएवढी भरलेली नसते. वाक्यरचना सुधारली, परिच्छेद नीट जुळू लागले, तरी कागदावरचा आकडा हलत नाही आणि आपण पुढे सरकतच नाही, अशी त्याची समजूत होते. ही अदृश्य प्रगती विद्यार्थ्याच्या नजरेस आणून देणे, हे परीक्षावर्गातील खेळाचे खरे काम आहे. आपला गुणफलक ते काम करत नाही. कोणाचे इंग्रजी आधीपासूनच चांगले होते, एवढेच तो दर आठवड्याला नव्याने सांगतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने महिनाभर राबून स्वतःत मोठा फरक घडवला, तरी फलकावर तो सतरावाच राहणार असेल, तर शनिवारी त्याने यावे तरी कशासाठी?

बक्षिसांच्या बाबतीत मानसशास्त्राचा एक जुना इशारा आहे. एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती. ज्यांना त्यासाठी पैसे मिळाले, ते पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत त्या कोड्यांकडे कमी वळू लागले. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 मध्ये चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांवर केलेल्या प्रयोगातही आधी कबूल केलेल्या प्रशस्तिपत्रानंतर मुलांची आवड कमी झालेली आढळली; ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले होते, त्यांची आवड मात्र टिकून राहिली. हा निष्कर्ष आपल्या वर्गाला जसाच्या तसा लावता येत नाही, असे माझे मत आहे. अडीचशे शब्दांचा निबंध लिहिण्याची आवड कोणी घेऊन येत नाही, त्यामुळे बक्षिसाने ती नाहीशी होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. धोका वेगळा आहे : विद्यार्थ्याचे लक्ष परीक्षेवरून फलकाकडे वळते आणि ज्याला गुण नाहीत, ते काम तो करेनासा होतो. म्हणून फीमध्ये सवलत किंवा भेटवस्तू अशी बक्षिसे ठेवू नयेत. एखाद्याने तीनदा फेरलेखन केलेला परिच्छेद आपण आधी जाहीर न करता वर्गात वाचून दाखवावा. तो सन्मान पुरेसा असतो.

आता कहूटविषयी. या खेळात योग्य उत्तर जितके लवकर द्यावे, तितके गुण अधिक मिळतात. नवे शब्द आठवण्यासाठी किंवा तास सुरू होताना मुलांना जागे करण्यासाठी ते ठीक आहे. परंतु आयईएलटीएसच्या वाचनात साठ मिनिटांत चाळीस प्रश्न असतात, म्हणजे उतारा वाचण्याचा वेळ धरून एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट येते. तेथे घाईने बोट दाबणारा नव्हे, तर उताऱ्यातील नेमक्या ओळीपर्यंत लवकर पोहोचणारा टिकतो. शिवाय लेखन आणि संभाषण या दोन परीक्षांत पर्याय निवडायचे नसतातच, आणि आपले विद्यार्थी अडतात ते बहुधा लेखनापाशीच. खेळ परीक्षेतील कृतीशी जितका मिळताजुळता असेल, तितका तो उपयोगी ठरतो, हा निकष लावून शनिवारचा तास नव्याने आखावा.

वाचनासाठी चौघांचे गट करावेत आणि प्रत्येक गटात वेगवेगळ्या पातळीचे विद्यार्थी असावेत. ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रकारचा, म्हणजे दिलेले विधान उताऱ्यानुसार खरे, खोटे की उताऱ्यात नाहीच, हे ठरवण्याचा, एकेक प्रश्न द्यावा. उत्तर बरोबर आले म्हणून गुण देऊ नये. उताऱ्यातील ज्या ओळीवरून ते ठरते, ती ओळ दाखवून कारण सांगितले, तरच गुण द्यावा, आणि कारण गटातील कोणी सांगायचे, ते आपण ऐन वेळी ठरवावे. असे केले, म्हणजे गटातील हुशार मुलाला मागे पडलेल्या मुलाला समजावून सांगण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ यांतील भेदावरून गटागटांत जो वाद रंगतो, त्यातून मुले जेवढे शिकतात, तेवढे फळ्यावरच्या स्पष्टीकरणातून क्वचितच शिकतात. परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे तेथे एकही जागा कोरी सोडू नये, हे मात्र स्वतंत्रपणे सांगून ठेवावे.

संभाषणाच्या दुसऱ्या भागात विषयाचे कार्ड मिळते, तयारीला एक मिनिट असते आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलावे लागते. यासाठी नागपूरचीच कार्डे बनवावीत : फुटाळा तलाव, महाराजबाग, तान्हा पोळा, तर्री-पोहे, दीक्षाभूमी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांचे वर्णन करा, असे सांगितल्यावर मुलांची कशी तारांबळ उडते, ते आपण पाहालच, कारण ‘मारबत’, ‘बडगे’ आणि ‘इडा-पीडा’ यांना तयार इंग्रजी शब्दच नाहीत. नियम असा करावा की, कार्डावरचा मराठी शब्द उच्चारायचा नाही आणि जोडीदाराने वर्णनावरून तो ओळखायचा. शब्द सापडत नसताना अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगता येणे, हे परीक्षक शब्दसंपत्तीच्या निकषात विचारात घेतात. दोन मिनिटे न अडखळता भरून काढणाऱ्यापेक्षा गेल्या वेळेहून वीस सेकंद अधिक बोललेल्याची नोंद आधी व्हावी.

लेखनाचा विचार मी मुद्दाम शेवटी करतो आहे, कारण वेळ खर्च करावा तो येथेच. लेखनाचे मूल्यमापन चार निकषांवर होते : प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारही निकषांना सारखे वजन असते, आणि दुसऱ्या लेखनप्रश्नाला, म्हणजे अडीचशे शब्दांच्या निबंधाला, पहिल्याच्या दुप्पट महत्त्व असते. प्रत्येक विद्यार्थ्याला एक वही करायला सांगावी आणि तिची पाने या चार निकषांत विभागावीत. निबंध तपासताना सगळ्या चुका लाल करण्याऐवजी एका वेळी एकच निकष घ्यावा. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे आपल्या मुलांकडून ‘अ’ आणि ‘द’ गळणे अगदी स्वाभाविक आहे. तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाचा ‘एस’ही असाच गळतो. पहिल्या खर्ड्यात अशा बारा चुका होत्या आणि त्याच निबंधाच्या फेरलेखनात पाच राहिल्या, ही नोंद वहीत झाली, म्हणजे मुलाला बँड बदलण्याच्या कितीतरी आधी आपली वाटचाल दिसते. गुण द्यायचे ते या फेरलेखनाला. पहिल्या खर्ड्याला गुण देऊच नयेत, कारण तसे केले की मुले कसाबसा मजकूर भरून आणतात.

भिंतीवरचा फलक काढून टाकण्याची गरज नाही. त्यावरची नावे पुसून तेथे सगळ्या बॅचचा मिळून एकच आकडा लिहावा : या महिन्यात वर्गाने मिळून किती परिच्छेदांचे फेरलेखन केले. ज्याला स्पर्धाच हवी असेल, त्याने स्वतःच्या मागच्या वहीशी करावी. आणि प्रत्यक्ष परीक्षेला दोन आठवडे उरले, की गुण, गट, कार्डे सारे थांबवावे. श्रवण, वाचन आणि लेखन या तिन्ही परीक्षा मध्ये विश्रांती न घेता सलग द्याव्या लागतात व त्यांत पावणेतीन तासांच्या आसपास वेळ जातो. त्या शांततेत एकट्याने बसून राहण्याची सवय कोणताही खेळ लावू शकत नाही. ती पूर्ण वेळेच्या मॉक टेस्टनेच लागते.

प्रश्न : माझा मुलगा परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी या परीक्षेची तयारी करतो आहे. मोबाइलमधील एका भाषा-ॲपवर तो रोज न चुकता बसतो आणि त्याची सलग दिवसांची साखळी कित्येक महिन्यांत तुटलेली नाही. तरीही क्लासच्या मॉक टेस्टमध्ये त्याचे लेखन आहे तेथेच आहे. ॲप बंद करायला सांगावे का?
— एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : बंद करायला सांगू नका, आपल्या मुलाला रोज बसण्याची सवय लागली आहे आणि ती मोलाची आहे. मात्र साखळी मोजते ते रोज हजेरी लागली की नाही, एवढेच. रात्री अकराला दोन मिनिटांचा सोपा धडा उरकूनही ती शाबूत राहते. अशा ॲपमध्ये बहुतेक वेळा शब्द ओळखायचे किंवा दिलेले शब्द जुळवायचे असतात. स्वतःचा मुद्दा ठरवून तो परिच्छेदात मांडण्याचा सराव त्यातून होत नाही, आणि लेखनाच्या परीक्षेत नेमके तेच विचारले जाते.

शब्दांसाठी त्याने पुठ्ठ्याच्या कार्डांची पद्धत करून पाहावी, ही माझी सूचना आहे. शिकलेले किती भराभर विसरले जाते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले होते आणि सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये त्यावर पेट्यांचा सोपा उपाय मांडला. आठवलेला शब्द पुढच्या पेटीत जातो आणि ती पेटी उशिरा उघडायची असते. विसरलेला शब्द पहिल्या पेटीत परत येतो आणि तो लवकर समोर येतो. यातील गोडी अशी की, कार्डे पुढे सरकताना डोळ्यांना दिसतात. कार्डाच्या मागे केवळ मराठी अर्थ न लिहिता त्या शब्दाचे स्वतः रचलेले वाक्य लिहावे. पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने आठवण अधिक टिकते, हे रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 मधील प्रयोगातून दिसून आले. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र स्वतःची चाचणी घेणारे पुढे गेले. त्यामुळे सुरुवातीला ही पद्धत अवघड वाटली आणि ॲपवरच्यासारखे झटपट यश मिळाले नाही, तरी मुलाने ती सोडू नये, एवढे आपण त्याला जरूर सांगा. साखळी त्याला प्रिय असेल, तर तिचा नियम त्याने स्वतः बदलावा : आठ ओळींचा एक परिच्छेद लिहून झाला, तरच तो दिवस धरायचा.

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि वय चौतीस आहे. ब्रिटनमधील नोंदणीसाठी मला आयईएलटीएस द्यायची आहे. आमच्या क्लासमध्ये वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींसोबत खेळ घेतले जातात. रात्रपाळी करून आल्यावर मला त्यांत भाग घेणे जड जाते आणि संकोचही वाटतो. नकार दिला तर चालेल का?
— एक परिचारिका, कामठी मार्ग, नागपूर

उत्तर : अवश्य चालेल, आणि आपल्या शिक्षकांनाही ते मोकळेपणाने सांगावे. डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार माणसाची अंतःप्रेरणा टिकण्यास तीन गोष्टी लागतात : निर्णयाचे स्वातंत्र्य, आपल्याला जमते आहे ही जाणीव आणि इतरांशी असलेला जिव्हाळा. सक्तीने खेळायला लावले, तर त्यांतील पहिलीच हिरावली जाते. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला वाचन, श्रवण आणि संभाषणात सात आणि लेखनात साडेसहा बँड लागतात. त्यामुळे आपण आपला वेळ लेखनाचे फेरलेखन आणि पूर्ण वेळेची श्रवणचाचणी यांसाठी राखून ठेवावा. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी नवा निबंध हाती घेण्याऐवजी जुन्याचा एकच परिच्छेद सुधारावा.

एक गोष्ट मात्र सोडू नये, ती म्हणजे कार्डावर दोन मिनिटे बोलण्याचा जोडीतील सराव. तो आरशासमोर होत नाही. ऐकणारे आणि मध्येच प्रश्न विचारणारे माणूस समोर लागते. वर्गातील तरुण मुलांसोबत अवघडल्यासारखे होत असेल, तर पाळीवरची एखादी सहकारी याच परीक्षेची तयारी करत असल्यास तिला जोडीदार करावे. रुग्णाच्या नातेवाइकांना धीर देताना, औषधाची वेळ समजावताना आपण रोज जे मराठीत आणि हिंदीत बोलता, तेच एकमेकींना इंग्रजीत सांगायला घ्यावे. विषयांची कार्डे त्यानंतर काढावीत.