घरचा सराव आणि अधूनमधून कार्यक्रम, दोन्हींसाठी किती वॅटचा गिटार अ‍ॅम्प घ्यावा?

नागपुरात फ्लॅटमध्ये राहून रोज सराव करायचा आणि वर्षातून दोन-चार वेळा कॉलेजच्या बँडबरोबर वाजवायचे, तर 20 वॅटचा अ‍ॅम्प पुरेल की सरळ 100 वॅटचाच घ्यावा, असे आपण विचारले आहे. 100 वॅटचा घेऊ नका. मी नेमका तोच घेतला होता, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत चार वर्षांत त्याचा व्हॉल्यूम 2 च्या पुढे कधी नेता आला नाही. नॉब केसभर फिरवला तरी आवाज एकदम अंगावर येई, आणि त्याखाली ठेवला तर तारांमधला जीवच जाई.

वॅट आणि आवाज यांचा संबंध सरळ नाही. 20 वरून 100 वॅटवर गेल्यास पाचपट शक्ती मिळते, पण वाढतात फक्त 7 डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबल लागतात. उलट, 1 वॅटला 97 ऐवजी 100 डेसिबल देणारा स्पीकर लावला, तर तो एकटाच वॅट दुप्पट केल्याइतके काम करतो. म्हणून स्पीकर आधी पाहावा. 6 किंवा 8 इंची स्पीकरचा 20 वॅटचा ट्रान्झिस्टर (काचेच्या ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा) अ‍ॅम्प ड्रमपुढे स्वच्छ आवाजात टिकत नाही. 12 इंची स्पीकरचा 15 वॅटचा ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) अ‍ॅम्प मात्र बहुधा टिकतो, कारण ट्यूबचा आवाज हळूहळू फाटत जातो आणि ते फाटणे कानाला गोड लागते. आपल्या दोन्ही गरजा पाहता मी 12 इंची स्पीकरचा, 40 ते 50 वॅटचा, शक्ती अर्ध्या वॅटपर्यंत उतरवण्याची सोय असलेला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प सुचवीन. सभागृहात तसाही साउंडवाला अ‍ॅम्पपुढे माइक लावतोच.

टोन ही चवीची गोष्ट आहे, तरी ट्रान्झिस्टर म्हणजे हलके, असे मानू नये; 1975 सालचा रोलंड जेसी-120 ट्रान्झिस्टरवरच चालतो आणि स्वच्छ आवाजासाठी आजही त्याचेच नाव घेतले जाते. मात्र हळू आवाजात आपला कान खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकतो, त्यामुळे घरी भरदार वाटावे म्हणून बास आणि ट्रेबल चढवून ठेवलेला टोन मंचावर घुमतो आणि टोचतो. तिथे हे दोन्ही नॉब उतरवून मिड, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, थोडा वाढवावा.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या, आणि विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी आधी बोलण्याइतक्याच आवाजात दहा मिनिटे वाजवा, कारण आपले नव्वद टक्के वाजवणे त्याच आवाजात होणार आहे. मोठ्या आवाजात जवळपास प्रत्येक अ‍ॅम्प चांगलाच वाटतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचेही एक सांगतो. मे महिन्यात कूलरच्या घरघरीवर मात करण्यासाठी नकळत व्हॉल्यूम चढतो आणि भर दुपारी शेजारी दारात येतात. शिवाय सिंगल कॉइल पिकअपची (तारांची कंपने टिपणारे एकाच वेटोळ्याचे चुंबकीय साधन असलेली) गिटार कूलरच्या मोटरजवळ धरली, तर अ‍ॅम्पमधून सतत गुणगुण येते. तेव्हा अ‍ॅम्पला दोष देण्याआधी खुर्ची लांब ओढून थोडे वळून बसा, आणि गुणगुण तरीही राहिली तर इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या प्लगचे अर्थिंग तपासून घ्या.