खरखर वरून थापू नकोस

अगं,

तुझी फाईल काल रात्री हेडफोन लावून चारदा ऐकली. जुन्या रेकॉर्डची ती टिकटिक दर आठ सेकंदांनी जशीच्या तशी परत येते. तिच्याखाली तुझा आवाज, सुरात ओढून इस्त्री केलेला. आणि विचारतेस, लो-फाय, म्हणजे तो मुद्दाम ठेवलेला ओबडधोबड, खरखरीत आवाज, जमला का? आधी आवाज धुतलास, मग त्यावर माती टाकलीस. खरखर वरून थापायची नसते, ती आवाजातून यावी लागते.

आठ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगचं बघ. त्यात आवाजाचा चढउतार मोजायला 256 पायऱ्या मिळतात. जोरात गातेस तेव्हा पुरतात. ओळीच्या शेवटी दम सरतो, आवाज बारीक होतो, तेव्हा हाताशी चार-पाचच उरतात आणि शब्दाचा भुगा होतो. कॅसेटचं उलटं. तिथे जोर केलास की टेपला तो पेलत नाही आणि स्वराच्या कडा गोल होतात. दोन्हीकडे बिघाड तुझ्या गळ्यामागून चालतो. ती टिकटिक कुणामागून चालते?

ॲल्विन लूसिअर हा अमेरिकन संगीतकार बोलताना अडखळायचा. 1969 मध्ये त्यानं एका खोलीत बसून काही वाक्यं टेप केली, ती तिथेच वाजवून पुन्हा टेप केली, पुन्हा वाजवली. होता होता शब्द विरघळले आणि खोलीचे स्वर घुमू लागले. बोलण्याची लय तेवढी मागे राहिली. वरून काहीही लावलेलं नाही, बरं का! ग्रूपर नावानं गाणाऱ्या लिझ हॅरिसनं 2011 मध्ये पोर्तुगालमध्ये फोर-ट्रॅक टेपरेकॉर्डरवर टेक घेतले, म्हणजे गाणी एकेका दमात रेकॉर्ड केली. एकात गेलेली लाईट परत येते आणि मायक्रोवेव्ह वाजतो. तिनं तो ठेवला. तू कुकरची शिट्टी कापलीस, आणि तिच्याबरोबर अर्धा श्वासही.

मला राग येतो तो यासाठी की हेच मी केलंय. सव्विसाव्या वर्षी, रात्री, पंखा चालू ठेवून एक टेक घेतला होता. एका स्टुडिओत त्यातला पंख्याचा आवाज काढून घेतला. ओळींची शेपटं गेली, आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. मूळ कॅसेटवर मीच नंतर दुसरं काहीतरी भरलं. तो गळा आता माझ्याकडे नाही. तेव्हापासून मी टेक धुऊन देत नाही. हट्टी म्हणतात, कामंही गेली. जाऊ देत. चूक माझी नव्हतीच असं अजून वाटतं.

जुना टेपरेकॉर्डर मिळव. आवाज त्यात सोड, आवाज दाखवणारी सुई लाल पट्ट्यात जाईपर्यंत वाढव, मग परत कॉम्प्युटरवर घे. कॅसेट वेगाला पक्की नसते, बीटपासून सरकेल; ओळीओळीनं जुळव, कंटाळू नकोस. टेपरेकॉर्डर नाही मिळाला तर मोबाईलवर वाजव, मोबाईल स्टीलच्या पिंपात ठेव आणि पिंपाच्या तोंडाशी माइक धर. पण वरून थापू नकोस.

तार षड्जावर तुझा आवाज फाटतो, तो सूर दुरुस्त करण्याआधीचा टेक आहे ना अजून? पुसला नसशील तर तोच पाठव, शिट्टीसकट.