चर्चगेट स्टेशनच्या नावातलं चर्च नेमकं कोणतं? त्याचा इतिहास काय?

ते चर्च म्हणजे फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल. स्टेशनपासून वीर नरिमन रोडने सरळ चालत गेलात, फ्लोरा फाउंटन ओलांडलंत की हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे दिसेल.

गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांच्या काळात १६७६ च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. १६७७ मध्ये ते वारले आणि काम रखडलं. जेमतेम पंधरा फूट उंचीच्या भिंती जवळपास चाळीस वर्षं तशाच उभ्या होत्या. पुढे रिचर्ड कॉब नावाच्या पाद्रींनी वर्गणीसाठी नेट लावला आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. मला या इतिहासात सगळ्यात जास्त हेच भावतं, की एका माणसाच्या चिकाटीने अर्धवट भिंतींवर छप्पर आलं.

मुंबईच्या किल्ल्याला तीन मुख्य दरवाजे होते. या चर्चकडे जाणारा तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजाही गेला, त्या जागी फ्लोरा फाउंटन आलं. नाव मात्र स्टेशनाला चिकटलं. शहरातले जुने मैलाचे दगडही याच चर्चपासून अंतर मोजून बसवलेले आहेत.

१८३७ मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. मुळात अँग्लिकन असलेलं हे चर्च १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे.

आत गेलात तर भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिशिला सावकाश वाचा. ऐन तारुण्यात इथे वारलेल्या कितीतरी जणांची नावं त्यांवर आहेत.