चौथी पिढी आणि आंबट द्राक्षे

वाडवडिलांच्या पापाची शिक्षा आमच्या लेकरांना होते आहे का, हा प्रश्न ख्रिस्ती कुटुंबे मला समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातले पाचवे वचन रुतून बसलेले असते. वडिलांच्या अन्यायाबद्दल मुलांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन करीन, असे देव तेथे म्हणतो. सोलापुरातील एका जोडप्याची हकिगत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

त्यांचे घर अक्कलकोट रोडकडे, टॉवेलच्या यंत्रमागांच्या शेडला लागूनच आहे. माग रात्रंदिवस खडखडत असताना त्यांचे बाळ कधीच दचकून उठत नसे, आणि पोर किती गुणाचे आहे म्हणून सगळे त्याचे कौतुक करीत. दीड वर्षाच्या त्या मुलाच्या पाठीमागे एकदा स्टीलचे ताट फरशीवर आदळले. सारे घर दचकले, तो मात्र हातातल्या रिकाम्या कांडीशी खेळत राहिला. बेरा या श्रवणाच्या तपासणीत दोन्ही कानांना तीव्र बहिरेपणा निघाला आणि डॉक्टरांनी श्रवणयंत्रे लगेच लावायला सांगितली. त्याच सुमारास घरी प्रार्थनेला आलेल्या एका गृहस्थांनी पूर्वजांची चौकशी केली, आजोबा बाप्तिस्म्यापूर्वी देवऋषी होते, अंगारा देत असत, हे ऐकले आणि पिढीजात शाप मोडल्याशिवाय मूल ऐकणार नाही असे सांगितले. उपास-प्रार्थनेत ११ महिने गेले. भाषा रुजण्याच्या वयातले हे महिने किती मोलाचे असतात, हे सांगताना मला आजही राग आवरावा लागतो.

पत्नी ही पतीच्या सख्ख्या मामाची मुलगी असल्यामुळे दोघांचे आजोबा एकच. पहिल्याच भेटीत तिने एकेक बोट दुमडत हिशेब मांडला. “आजोबा एक, आमचे आईवडील दोन, आम्ही तीन आणि हा चौथा. मॅडम, वचन चुकलं कुठं?”

मी घाई केली. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढून, मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, हे विसावे वचन वाचून दाखवले. तोवर गप्प बसलेल्या पतीने शांतपणे विचारले, “मग निर्गममधलं खोटं आहे का?” एका वचनाने दुसऱ्या वचनाचे तोंड बंद करायला गेले की श्रद्धावान माणसाची भीती जात नाही, उलट, आता शास्त्रावरही विसंबता येत नाही, ही नवी भीती तिच्यात मिसळते.

पुढच्या भेटीत आम्ही अर्थ बाजूला ठेवून, कोणते वाक्य कोणाला उद्देशून आहे एवढेच पाहिले. निर्गममधले वाक्य मूर्तिपूजेविषयीच्या आज्ञेत येते आणि जो अजून चुकलेला नाही, पण चुकू शकतो, अशा कर्त्या माणसाला ते बजावते की तुझ्या वागण्याची झळ तुझ्या घरातल्या धाकट्यांना लागेल. तीन-चार पिढ्या एकत्र नांदत त्या काळात ही गोष्ट सहज पटणारी होती, आणि सावकाराचे कर्ज नातवाने फेडलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना आजही ती पटते. शिवाय शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत आणि दया हजारोंवर, हे लगेच पुढचे वचन त्या गृहस्थांनी वाचलेच नव्हते. यहेज्केल मात्र इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या बंदिवानांमध्ये राहून बोलत होता. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण त्या लोकांच्या तोंडी बसली होती; नान्नजची द्राक्षे खाणाऱ्या सोलापूरकरांना ती समजावून सांगावी लागत नाही. भोगणाऱ्याने निर्गममधल्या वचनावरून आपल्या दुःखाचे मूळ शोधू नये, म्हणून संदेष्टा ती म्हण मोडून काढतो. जी ताकीद होती तिचे या जोडप्याने निदान केले होते. बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात (२४:१६) तर नियमशास्त्रच सांगते की बापाच्या अपराधासाठी मुलाला मरणदंड देऊ नये.

आनुवंशिकतेच्या डॉक्टरांकडे मी त्यांना पाठवले, तेव्हा सगळे पुन्हा विस्कटले. बहिरेपणाचा सदोष जनुक बहुधा दोघांकडेही एकेक आहे, दोघांना स्वतःला नीट ऐकू येते, पण दोन्ही जनुक एकत्र आले की मूल बहिरे होते आणि प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते, असे तेथे कळले. “म्हणजे आलं ना आजोबांकडूनच?” पत्नी रडत म्हणाली. मी म्हटले, “आजोबांकडून आले असेल, तसे आजीकडूनही आले असेल.” आजीचे नाव तोवर कोणी काढलेच नव्हते. घरात पहिला बाप्तिस्मा तिचा झाला होता, आणि मंडळीत तिच्या आवाजातली भजने अजून आठवणारी माणसे आहेत. वारसा म्हणजे अपराध नव्हे, हे माझ्या व्याख्यानापेक्षा त्या आजीच्या आठवणीने त्यांना अधिक समजले, असे मला वाटते.

खरी अडचण योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आली. तेथे एका जन्मांधाला पाहून, हा कोणाच्या पापामुळे आंधळा जन्मला, असे शिष्य येशूला विचारतात. याने पाप केले नाही की याच्या आईबापांनीही नाही, या येशूच्या उत्तराने पत्नीला धीर आला, पण देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून, हे पुढचे शब्द तिला टोचले. देवाने आपले काम दाखवायला माझे लेकरू वापरले का, हा तिचा प्रश्न होता. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसतच, त्यामुळे काही अभ्यासक ते शब्द पुढच्या वाक्याला जोडून वाचतात: देवाची कार्ये याच्याठायी प्रकट व्हावीत म्हणून, दिवस आहे तोवर आपण ती केली पाहिजेत. मला हे वाचन आवडते. तरी सर्वांना ते मान्य नाही, हेही मी तिला सांगितले. शिष्य कारण विचारत उभे राहिले आणि येशू मात्र त्या आंधळ्याच्या डोळ्यांना लावण्यासाठी चिखल कालवू लागला, एवढे दोन्ही वाचनांत सारखेच आहे.

त्या आठवड्यात श्रवणयंत्रांची मापे घेतली गेली. यंत्रे लावून घरी आल्यावर माग सुरू होताच मूल घाबरून रडू लागले, आणि बापाने धावत जाऊन माग बंद केला. यंत्रे पुरतील की शस्त्रक्रियेने कानात उपकरण बसवावे, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट करावे लागेल, हे अजून ठरायचे आहे; दुसऱ्या मुलाविषयी तर ते आता बोलतच नाहीत. घरच्या प्रार्थनेत दहा आज्ञा वाचताना पत्नी आजही पाचवे वचन गाळून थेट सहाव्यावर जाते. पतीने माझ्याकडे तशी तक्रार केली, तेव्हा काही दिवस तिला तसेच वाचू द्या, असे मी त्यांना म्हणाले.